पाच वर्षांची रेघ

जर्मनीतील ग्योटिंगेन येथे १८१३ साली कॉनराड लांगेनबेक या शल्यविशारदांनी एका स्त्रीचे गर्भाशय योनिमार्गाने काढून टाकले. गर्भाशयाला कर्करोग झाला आहे, असे त्यांचे निदान होते. ईथरची भूल वापरात यायला अजून तीन दशकांहून अधिक काळ होता, आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेची कल्पनाही कोणाला नव्हती. तरीही ती स्त्री वाचली. काही वर्षांनी लांगेनबेक यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा समव्यावसायिकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. शस्त्रक्रियेचा साक्षीदार मरण पावला होता, काढलेला अवयव हरवला होता, आणि त्या स्त्रीची स्मृती साक्ष देण्याजोगी राहिली नव्हती. २६ वर्षांनी ती वारली. शवविच्छेदनात तिच्या शरीरात गर्भाशय नसल्याचे दिसले आणि लांगेनबेक खरे ठरले.

मात्र ते अर्धेच खरे ठरले. शस्त्रक्रिया झाली होती, हे सिद्ध झाले. काढलेल्या गर्भाशयात खरोखर कर्करोग होता की नाही, हे ठरवण्याचा मार्ग त्या हरवलेल्या अवयवाबरोबरच बंद झाला. शरीर जपले गेले, पुरावा गेला. आजच्या लेखाचा विषय याच उणिवेशी जोडलेला आहे.

एक परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. एखाद्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, गरजेप्रमाणे किरणोपचार झाले, पाच वर्षे नियमित तपासण्या झाल्या आणि ‘आता तुम्ही बऱ्या आहात’ असे तिला सांगण्यात आले. त्यानंतर आणखी दहा वर्षे गेली. मग पोटात कळा येऊ लागल्या, शौचाच्या सवयी बदलल्या, कधी रक्त दिसले, कधी आतडे अडले. तपासणीत मोठ्या आतड्याला लागून गाठ आढळली. आता प्रश्न असा, की ही जुन्याच रोगाची परतभेट आहे, की आतड्याचा अगदी नवा कर्करोग आहे?

असे प्रसंग विरळ आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग परतायचाच असेल, तर तो बहुतेक वेळा उपचारानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. दहा-पंधरा वर्षांनी परतणे हा अपवाद आहे. पण शास्त्राच्या इतिहासात अपवादांनीच नियमांची परीक्षा घेतली आहे. ‘बरे होणे’ म्हणजे काय, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने कसे शोधले आणि ते कोठे अपुरे पडले, हे या अपवादावरून फार चांगले कळते.

आरंभ नावापासून करू. आपण बोलताना ‘गर्भपिशवीचा कॅन्सर’ असा एकच शब्द वापरतो, परंतु त्याखाली निदान तीन वेगळे रोग आहेत. पहिला गर्भाशयमुखाचा. तो प्रामुख्याने मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून होतो, आणि भारतात स्त्रियांच्या कर्करोगांत त्याचे स्थान फार वरचे आहे. दुसरा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा. तो बहुधा रजोनिवृत्तीनंतर होतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा दीर्घकाळ एकतर्फी प्रभाव, स्थूलता आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आहे. तिसरा गट सार्कोमांचा. ते गर्भाशयाच्या स्नायूंतून किंवा अस्तराला आधार देणाऱ्या ऊतीतून उद्भवतात. या तिघांच्या चाली वेगळ्या, परतण्याच्या सवयी वेगळ्या आणि औषधेही वेगळी.

हा भेद ओळखायला सूक्ष्मदर्शकाची गरज होती. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये कार्ल रूगे आणि योहान फाइट यांनी गर्भाशयातील ऊतीचा तुकडा काढून, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्याची पद्धत रुजवली. शस्त्रक्रियेआधी ऊती तपासून निर्णय घेण्याच्या आजच्या बायोप्सीच्या शिस्तीचे एक उगमस्थान तेथे आहे. १९०० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे टॉमस कलेन यांनी गर्भाशयाच्या कर्करोगावर मोठा सचित्र ग्रंथ लिहिला आणि मुखाचा रोग व अस्तराचा रोग यांची ओळख पक्की केली. त्याआधीच्या नोंदींत ‘गर्भाशयाचा कर्करोग’ एवढेच लिहिलेले आढळते, तेव्हा नेमका कोणता रोग होता हे पुष्कळदा सांगता येत नाही.

रोगाची ओळख पटली, तरी तो गर्भाशयातून आतड्यापर्यंत जातो कसा, हा प्रश्न उरतोच. कर्करोगाच्या दूरवरच्या प्रसाराला ‘मेटास्टॅसिस’ हे नाव पॅरिसचे जोसेफ क्लोद रेकामिये यांनी १८२९ च्या आपल्या ग्रंथात दिले. योगायोग असा, की त्याच वर्षी त्यांनी स्वतः योनिमार्गाने गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली होती. गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि प्रसाराची संकल्पना यांची गाठ अशी पहिल्यापासूनच पडलेली आहे.

पण प्रवास कशाचा होतो? पेशींचा, की कुठल्या दूषित द्रवाचा? पेशीविकृतिशास्त्राचे जनक रुडॉल्फ फिर्खो यांना वाटे की मूळ गाठीतून निघालेला रस दूरच्या ऊतींना बिघडवतो आणि तेथे नवी गाठ तयार होते. १८६० च्या दशकात कार्ल टिअर्श आणि विल्हेल्म वाल्डायर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दाखवले, की कर्करोग आवरणपेशींतून उद्भवतो आणि त्या पेशीच रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्यांतून दुसरीकडे जातात. आपल्या विषयासाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. आतड्यातली गाठ जर गर्भाशयाच्याच पेशींची असेल, तर तिच्या अंगावर माहेरच्या खुणा असणार. आणि त्या खुणा ओळखता आल्या, तर ती कोठून आली हे सांगता येणार.

१८८९ साली लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी पुढचा प्रश्न विचारला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रक्त सगळीकडे जाते, मग गाठी यकृतात इतक्या आणि प्लीहेत इतक्या थोड्या का? पेशी म्हणजे बीज आणि अवयव म्हणजे जमीन. बीज सगळीकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग यांनी याला विरोध केला. रक्ताचे व लसीकेचे प्रवाह जेथे नेतात तेथे पेशी अडकतात, बीज-जमिनीची गरज नाही, असे त्यांनी मांडले. यूइंग यांचा दबदबा मोठा होता, त्यामुळे पॅजेट यांची कल्पना अनेक दशके मागे पडली. १९७० च्या दशकात आयझाया फिडलर यांच्या प्रयोगांनी ती पुन्हा उभी केली. आज दोन्ही गोष्टींत तथ्य आहे असे मानले जाते. मार्ग प्रवाह ठरवतो, मुक्काम जमीन ठरवते.

गर्भाशय आणि आतडे यांच्याबाबत मार्ग अनेक आहेत. गुदाशय व त्याच्या वरचे वळणदार आतडे गर्भाशयाच्या अगदी मागेच असते, त्यामुळे रोग थेट लागून पसरू शकतो. पेशी उदरपोकळीत सांडून आतड्याच्या बाहेरच्या आवरणावर रुजू शकतात. रक्त आणि लसीका हे आणखी दोन मार्ग. यातून एक व्यावहारिक अडचण निर्माण होते. बाहेरून आलेला रोग आतड्याच्या भिंतीत बाहेरून आत शिरतो, तर आतड्याचा स्वतःचा कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होऊन बाहेर जातो. दुर्बीण घालून पाहणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या प्रकारात कधी आतले अस्तर निरोगी दिसते, फक्त नळी बाहेरून दाबलेली आढळते. वरवर घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही, आणि गाठ मात्र असते.

आता शीर्षकातल्या रेघेकडे वळू. १८७८ च्या जानेवारीत ब्रेस्लाऊ येथे विल्हेल्म फ्रॉइंड यांनी पोट उघडून कर्करोगग्रस्त गर्भाशय पद्धतशीरपणे काढले. त्यानंतरच्या वर्षांत या शस्त्रक्रियेतले मृत्यूचे प्रमाण भयावह होते. १८९८ पासून व्हिएन्नाच्या अर्न्स्ट व्हर्टहाइम यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अधिक विस्तृत शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९११ साली आपल्या ५०० शस्त्रक्रियांचा ताळेबंद जगापुढे ठेवला. याच सुमारास रेडियमही रुग्णालयांत आले. स्टॉकहोम, पॅरिस आणि पुढे मँचेस्टर येथे गर्भाशयात रेडियम ठेवण्याच्या स्वतंत्र पद्धती बनल्या. चाकू श्रेष्ठ की किरण, हा वाद पेटला. तो सोडवायचा, तर ‘बरी झाली’ याची एक सर्वमान्य व्याख्या हवी होती.

तशा व्याख्या आधीपासून होत्या. स्तनाच्या कर्करोगासाठी जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी तीन वर्षांचा नियम सांगितला होता: तीन वर्षे रोग दिसला नाही, तर रुग्ण बरा समजावा. लवकरच ध्यानात आले की तीन वर्षे पुरत नाहीत. मग पाच वर्षांचा प्रघात पडला. त्याला आंतरराष्ट्रीय रूप मिळाले ते राष्ट्रसंघामुळे. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या या संस्थेच्या आरोग्य विभागाने कर्करोगाचा अभ्यास हाती घेतला. १९२९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अवस्था ठरवण्यात आल्या, आणि निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचे निकाल एकत्र करणारा पहिला वार्षिक अहवाल १९३७ मध्ये निघाला. त्या निकालांचे माप पाच वर्षांचे होते. पुढे स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिगो’ने, हे काम आपल्याकडे घेतले. इतर अनेक कर्करोगांनी हे माप सवयीने स्वीकारले.

म्हणजे पाच वर्षांची रेघ निसर्गाने ओढलेली नाही. दोन उपचारांची न्याय्य तुलना करता यावी म्हणून ती माणसांनी आखली. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ती योग्य जागी पडली, हे तिचे यश. पण कालांतराने हिशेबाची ही मुदत रोगाचीच मुदत समजली जाऊ लागली.

ती मुदत अपुरी का पडू शकते, हे साध्या गणिताने समजेल. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत ३० दुपटी झाल्या की सुमारे १०७ कोटी पेशी होतात. ढोबळमानाने ही एक ग्रॅमची, सेंटिमीटरभराची गाठ झाली. त्याहून बरीच लहान गाठ तपासणीत सापडणे अवघड. गाठीला एकदा दुप्पट व्हायला १०० दिवस लागतात असे धरले, तर ३० दुपटींना ३००० दिवस, म्हणजे आठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. उपचारांतून निसटलेली एखादी संथ पेशी पाच वर्षांच्या तपासणीत दिसणारच नाही. डॉक्टरांची चूक नाही, यंत्राचा दोष नाही. ती अजून दिसण्याइतकी मोठीच झालेली नाही.

पण काही रोग वीस वर्षांनीही परततात, आणि तेथे हे गणितही थिटे पडते. १९५४ साली ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ जेफ्री हॅडफिल्ड यांनी ‘सुप्त कर्कपेशी’ हा विचार ठळकपणे मांडला. काही पेशी वाढतही नाहीत आणि मरतही नाहीत. त्या थांबून राहतात. १९७१ मध्ये जूडा फोकमन यांनी दाखवून दिले की नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यातून सुप्तावस्थेचे आणखी एक स्पष्टीकरण मिळाले: काही पेशी विभागत राहतात, पण तितक्याच मरतात, आणि गाठ आहे तेवढीच राहते. रोगप्रतिकारशक्तीचा पहारा हे तिसरे स्पष्टीकरण. त्याचा एक विदारक पुरावा २००३ साली प्रसिद्ध झाला. एका मृत दात्याची मूत्रपिंडे दोन रुग्णांना बसवली होती. त्या दात्याचा त्वचेचा मेलॅनोमा १६ वर्षांपूर्वी काढून टाकलेला होता. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या त्या दोन्ही रुग्णांत दात्याचा मेलॅनोमा उगवला. बऱ्या समजल्या गेलेल्या शरीरात ते बीज १६ वर्षे निजून होते.

गर्भाशयाच्या रोगांपैकी अशा दीर्घ विश्रांतीसाठी एक सार्कोमा विशेष ओळखला जातो. अस्तराला आधार देणाऱ्या ऊतीतून उद्भवणारा, मंद प्रतीचा एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा विरळ आहे आणि त्याची वाढ संथ आहे, पण दहा-वीस वर्षांनीही परतण्याची त्याची ख्याती आहे. कित्येकदा तो सार्कोमा म्हणून आधी ओळखलाही जात नाही. साधी फायब्रॉइडची गाठ समजून गर्भाशय काढले जाते, आणि खरे निदान काढलेल्या अवयवाच्या तपासणीतच होते. २००१ साली संशोधकांना या रोगाच्या पेशींत गुणसूत्र ७ आणि १७ यांची अदलाबदल व त्यातून जोडले गेलेले एक संकरित जनुक सापडले. तेव्हापासून, हा रोग वर्षांनी आतड्यावर दिसला तरी त्याची जनुकीय खूण तपासून त्याचे मूळ घर सांगण्याची सोय झाली.

आतापर्यंत आपण परतभेटीचा विचार केला. आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. आतड्यातली गाठ अगदी नवी असू शकते, आणि तरीही तिचा गर्भाशयाच्या जुन्या रोगाशी नातेसंबंध असू शकतो. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन येथे आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञांना एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितले, की आपल्या घरातली माणसे जठराच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि आपलेही तसेच होणार. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे भीती म्हणून उडवून लावले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडली. १९१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या स्त्रीला पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच मरण आले. १९६६ पासून हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, आणि १९९३-९४ मध्ये यामागची पहिली जनुके सापडली. पेशी विभागताना डीएनएच्या प्रतीत होणारे दोष दुरुस्त करणारी ही जनुके. आज या आनुवंशिक विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा स्त्रीला आधी गर्भाशयाचा व नंतर आतड्याचा, असे दोन स्वतंत्र कर्करोग होऊ शकतात. तेथे ‘जुनाच रोग परतला’ असे समजणे ही केवळ तिच्याबाबतची चूक नसते. तिच्या भावंडांना आणि मुलांना वेळीच मिळू शकणारी सूचनाही त्यात हरवते.

तिसरी शक्यता विसरता कामा नये. ओटीपोटावर झालेल्या किरणोपचाराचे परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी आतड्यावर दिसतात. नळी आखडते, व्रण होतो, रक्त जाते. लक्षणे कर्करोगासारखी, पण कर्करोग नसतो.

परत आलेला, नवा, की किरणांचा मागे राहिलेला परिणाम, या तिघांतला निवाडा केवळ शब्दांचा नाही. उपचार त्यावर ठरतात. आतड्याच्या स्वतःच्या कर्करोगात तो भाग त्याच्या लसीकाग्रंथींसह काढायचा असतो, आणि त्याची औषधेही वेगळी. गर्भाशयाचा रोग परतला असेल, तर शस्त्रक्रियेचा हेतू आणि व्याप्ती बदलते, औषधांची निवड बदलते. १९६१ साली रीटा केली आणि विल्यम बेकर यांनी दाखवले होते की अस्तराचा पसरलेला कर्करोग काही रुग्णांत प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांनी आटोक्यात येतो. मंद वाढीच्या, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या रोगांत हा मार्ग आजही उपयोगी आहे. उशिरा परतलेला रोग पुष्कळदा याच संथ जातीचा असतो. म्हणून उशिरा परत येणे ही बातमी वाईट असली, तरी ती नेहमीच निराशेची असते असे नाही.

निवाडा होतो तो विकृतिशास्त्राच्या टेबलावर. १९४१ मध्ये आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना चमकणारे रसायन जोडून ऊतीतले विशिष्ट पदार्थ शोधण्याची युक्ती काढली. १९७५ मध्ये केलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची पद्धत दिली. त्यातून आजची ओळखपरेड तयार झाली. सर्वसाधारणपणे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सायटोकेराटिन २० आणि सीडीएक्स २ ही प्रथिने दिसतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात सायटोकेराटिन ७, पॅक्स ८ आणि इस्ट्रोजेनची ग्राहके दिसतात. अपवाद असतातच. म्हणून एका खुणेवर निकाल देत नाहीत, संचावर देतात.

आणि सगळ्यांत भक्कम पुरावा कोणता? जुनी गाठ आणि नवी गाठ शेजारी ठेवून पाहणे. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लुम यांनी फॉर्मालिनमध्ये ऊती टिकतात हे दाखवले. तेव्हापासून फॉर्मालिनमध्ये पक्की करून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेली ऊती अनेक दशके राहू शकते. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या ठोकळ्यातून आजही नवा काप काढता येतो आणि तेव्हा अस्तित्वात नसलेली चाचणी त्यावर करता येते. २०२३ साली फिगोने अस्तराच्या कर्करोगाच्या अवस्थांत जनुकीय वर्गीकरणाचा समावेश केला. जुना ठोकळा हाती असेल, तर जुन्या रोगालाही ही नवी भिंगे लावता येतात. बोटाच्या पेराएवढा मेणाचा तुकडा, पण पुष्कळदा सगळा निर्णय त्याच्यावर टेकलेला असतो.

आता हा धागा भारतात कोठे येतो ते पाहू. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे विकृतिशास्त्राचा पाया घातला. २ जानेवारी १९५० रोजी कोलकात्यात चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन इरेन जोलियो-क्युरी यांच्या हस्ते झाले. तेथील डॉ. सुबोध मित्र यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी योनिमार्गाची विस्तृत शस्त्रक्रिया आणि उदरपोकळी न उघडता लसीकाग्रंथी काढणे यांची जोड घातली. ती मित्र यांच्या नावाने जगात ओळखली गेली. १९५४ मध्ये मद्रासच्या अड्यार येथे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून कर्करोग संस्था उभी राहिली. त्यांच्या धाकट्या बहिणीला गुदाशयाच्या कर्करोगाने मरण आले होते, आणि त्या दुःखातूनच या कार्याचा संकल्प झाला होता.

मोजदादीचे कामही आपल्याकडे झाले. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८२ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बंगळूर आणि मद्रासही त्यात आले. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. या नोंदण्यांचे ऋण मोठे आहे. पण अशा नोंदण्या मुख्यतः नवे रुग्ण मोजतात. पंधरा वर्षांनी परतलेला रोग त्यांच्या रकान्यात स्वतंत्रपणे बसत नाही. तो पाहायचा, तर त्याच स्त्रीच्या मागे दीर्घकाळ राहावे लागते.

आणि तेथेच आपली दोरी तुटते. भारतात २००२ साली लागू झालेल्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार, दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अनेक मोठी रुग्णालये त्याहून कितीतरी अधिक काळ नोंदी राखतात, पण नियमाचा किमान आकडा तीनच. रोग पंधरा वर्षांनी परतू शकतो आणि कागद तीन वर्षांनी रद्दीत जाऊ शकतो. रुग्ण स्थलांतर करते, मूळ रुग्णालय बंद पडते, डॉक्टर निवृत्त होतात. उरते ती रुग्णाची आठवण: ‘पिशवी काढली होती.’ का काढली, तपासणीत काय निघाले, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया आपल्या देशात थोड्या नाहीत. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्न देशपातळीवर विचारला गेला, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे अंगीकारण्याचे आदेश झाले. या प्रश्नाच्या नैतिक बाजूची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. पण तिला शास्त्रीय बाजूही आहे. काढलेले प्रत्येक गर्भाशय विकृतिशास्त्रज्ञाकडे गेलेच पाहिजे, आणि त्याचा अहवाल त्या स्त्रीच्या हाती पडलाच पाहिजे. तो नसेल, तर तिच्या बाबतीत आपण १८१३ सालीच उभे आहोत.

विद्यार्थीमित्रांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, कोणत्याही आकड्याचा जन्म विचारायला शिकावे. पाच वर्षे हा आकडा तुलनेसाठी जन्मला. त्याला आयुष्यभराची हमी समजू नये, आणि म्हणून निरर्थकही मानू नये. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत ती रेघ ओलांडणे म्हणजे खरोखरच रोगातून बाहेर पडणे असते. दुसरी, विज्ञानातली मोठी प्रगती केवळ नव्या यंत्रांतून होत नाही. पॅजेट यांना ७३५ नोंदी कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या मिळाल्या होत्या.

आणि सर्वांसाठी एक काम, ज्याला पैसे लागत नाहीत. घरात आई, आत्या, मावशी, आजी यांपैकी कोणाचे गर्भाशय काढलेले असेल, तर तिला विचारा: तपासणीचा अहवाल कोठे आहे? सापडला तर त्याचे छायाचित्र काढून ठेवा, दोन ठिकाणी ठेवा. सापडला नाही, तर रुग्णालयात जाऊन प्रत मागा; प्रयोगशाळेत मेणाचा ठोकळा अजून जपलेला आहे का, हेही विचारा. नंतर कधीही पोटाची तक्रार, शौचातून रक्त किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, तर ‘ते दुखणे फार जुने होते, त्याचा याच्याशी काय संबंध’ असे म्हणून तो भाग गाळू नका. संबंध आहे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. तो ठरवता यावा म्हणून तो कागद त्यांच्या हाती द्या.